चौथा कोपरा

६ नोव्हेंबर
होडीच्या धक्क्यावरून

आत्या,

नमस्कार, पण घाईतला. मी पळून गेले असं शेजारणीला सांगू नकोस, कामाला गेले म्हणून सांग. ते काही खोटं नाही.

उशीखालची चिठ्ठी तुला मिळालीच असेल. तिच्यात 'काळजी करू नकोस' एवढंच लिहिलं होतं, म्हणजे तू काळजीने अर्धी झाली असशील. आता नीट सांगते. मी कातरकाकाला शोधायला निघाले आहे. बाबांची झोप परत आणायला.

दोन वर्षं झाली, आत्या. दुपारी सगळी गल्ली पेंगते आणि बाबा मात्र खिडकीशी लाल डोळ्यांनी बसून असतात. सुईत दोरा ओवतात आणि सुई हातातच विसरतात. परवा त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. चूक लक्षात आल्यावर ते ओशाळून हसले. ते हसणं मला बघवलं नाही. त्याच दिवशी मी पिशवी भरली.

आपल्या कारखान्यातली भरली रजई म्हणजे काय, हे मी जन्मापासून बघतेय. शिवणारा जांभया देत जातो, त्याची झोप दोऱ्यातून कापसात उतरते, आजारी माणूस तिच्याखाली शांत निजतो. चौथा कोपरा चार बोटं उघडा असतो. तिथून सकाळी झोप आपल्या मालकाकडे परत येते आणि निजलेल्याला जाग येते. आपल्याकडे कापड बेतणाऱ्या कातरकाकाने बाबांकडून असलीच एक रजई शिवून घेतली, एकाएकी निघून गेला, आणि बाबांची झोप काही परतली नाही. म्हणजे त्याने कोपरा शिवून टाकला, कशासाठी ते तोच जाणे. बाबा नुसतं म्हणतात, "राहिली असेल त्याच्याकडे." राहिली! छत्री राहिल्यासारखी!

कोपऱ्यावरचा टाका ज्याने घातला त्याच्याच हाताने उसवतो, दुसऱ्याने लावली तर कातरच बोथट होते. तेव्हा आधी तो टाका मी त्याच्याकडून उसवून घेणार. पण तेवढ्यावर सोडणार नाही. माझ्या पिशवीत कापड, कापूस आणि सुई आहे. वाटेत मी माझ्या झोपेने एक रजई भरणार, ती त्याच्यावर घालणार आणि चौथा कोपरा शिवून टाकणार. मग तो कधी उठणार नाही आणि मी कधी निजणार नाही. फिटंफाट.

इथली होडीवाली भाडं म्हणून जांभई घेते. मी आपल्या घराण्याची दिली. सगळी होडी वल्ह्यांसकट पेंगली, आणि दुपारभर आम्ही नदीच्या मधोमध गोल गोल फिरत होतो. वर बगळे झोपेतच उडत होते, एकमेकांच्या शेपटीवर मान टेकून. शेवटी बाई डोळे चोळत म्हणाली, "पोरी, परतताना लहान जांभई आण. एवढी मोठी मला मोडता येत नाही."

पुढच्या मुक्कामाचा पत्ता मागे लिहिला आहे.

तुझी
खारूताई


१४ नोव्हेंबर

खारूताई,

तुला भरभरून आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. धपाटा आधी घे.

मी शाळेची पायरी चढलेली नाही. कापडाच्या गठ्ठ्यांवरचे शिक्के वाचत वाचत अक्षरं शिकले, तेव्हा चुका पोटात घाल. पण तुझं पत्र मी चारदा वाचलं आणि चारही वेळा उठून वाटेकडे बघून आले.

दादा बरा आहे. बरा म्हणजे होता तसा. "पोर कुठे गेली?" विचारतो. मी म्हणते, "कामाला." "कुणाच्या?" "तुझ्याच." काल त्याने एका रजईचं अस्तर उलटं लावलं. मी गुपचूप उसवून सुलटं केलं. तो दारातून बघत होता हे मला मागाहून कळलं. नुसता आपल्या हातांकडे बघत राहिला. ज्याच्या हातांची आठ गल्ल्यांत कीर्ती, त्याने असं बघावं!

तुझा राग लहानपणापासून नाकाच्या शेंड्यावर. दोन वर्षांची होतीस तेव्हा एक मुंगी चावली म्हणून सगळं वारूळ झाडूने झोडपलं होतंस. मग संध्याकाळभर रडत बसलीस की मुंग्यांचं घर मोडलं. आठवत नसेल. मला आठवतं, कारण तुला उचलून मीच फिरत होते.

कातरकाका वाईट माणूस नव्हता गं. कापडावर रेघ आखायचा नाही, डोळ्यांनीच मापायचा, आणि चिंधीसुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही. न सांगता गेला, हे खरं. ज्या महिन्यात आमचं लग्न ठरलं होतं त्याच महिन्यात गेला, हेही खरं. पण माझ्या जुन्या दुखण्याचं मी बघेन. त्या तीन टाक्यांपायी दोन जिवांची राखरांगोळी करू नकोस. बाबांची झोप गेली ती गेली, आता तुझीही घालवून त्यांना काय मिळणार? दोघं समोरासमोर जागे बसाल, दुसरं काय.

परत ये. नाकावर तेल लावून निजायचं तुझं वय आहे.

तुझी
आत्या


२७ नोव्हेंबर
घाटमाथ्यावरून

आत्या,

धपाटा पोचला. आता माझा एक प्रश्न. त्या रजईवर तीन टाके आहेत हे तुला कसं माहीत? ती आपल्या दारातून गेली ती गेली. बाबांनीही पुन्हा पाहिली नाही.

मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग उमगलं. कातरकाका तुला पत्रं लिहितो! पोस्टमन एकदा बोलून गेला होता, "आत्याबाईंना नदीपलीकडून पत्र आलंय." तेव्हा तू पदर सारखा करत विषय बदललास. म्हणजे त्याने तुला सगळं कबूल केलंय, आणि अजूनही तुझा जीव त्याच्यात अडकलाय म्हणून तू त्याला पाठीशी घालतेस. बाबांपेक्षा तो जवळचा का?

मला तुझा राग आला नाही. वाईट वाटलं. प्रेमात माणसं आंधळी होतात असं तूच सांगतेस, तर आता तुझ्यासाठीही मीच बघेन.

या घाटात धुकं कमरेएवढंच असतं, वर लख्ख ऊन. सगळी माणसं अर्धी दिसतात, पाण्यावर तरंगत गेल्यासारखी. डोंगर श्वास घेतो. तो फुगला की घरांच्या कड्या आपोआप वाजतात आणि लोक "आलो, आलो" म्हणत दार उघडून बघतात. कुणी नसतं, तरी उघडतात. मी एकीला विचारलं, "कशाला उघडता?" ती म्हणाली, "एखाद्या वेळी असतं ना कुणी."

माथ्यावर एक म्हातारबुवा बसतात. ते प्रत्येकाचं ओझं हातात तोलून मगच पुढे सोडतात. माझी पिशवी उचलताना त्यांचा खांदा उतरला. "काय आहे गं यात?"

"कापूस."

"मी सत्तर वर्षं ओझी तोलतोय. कापसात आणखी काय घातलंयस?"

मी पिशवी ओढतच घाट उतरायला लागले.

रजई अर्ध्याच्या वर झाली आहे. रोज दुपारी झाडाखाली शिवते. जांभई येते, दोऱ्यावर बसते, सरकत आत जाते. आता मला डोळे मिटले तरी पुरतं मिटल्यासारखं वाटत नाही.

खारूताई


५ डिसेंबर

खारूताई,

पोस्टमनच्या तोंडाला कुलूप नाही हे मला माहीत होतं.

पत्रं आली, तीन. मी एकही उघडलेलं नाही. आईची शपथ घेऊन सांगते, एकही नाही. कापसाच्या पेटीच्या तळाशी आहेत.

मग तीन टाके कसे माहीत, हे तू परत विचारशील. मला थोडा वेळ दे. तोवर तू आहेस तिथेच थांब. एवढं ऐक.

आत्या


९ डिसेंबर

खारूताई,

हे पत्र बसून वाच. तो टाका माझा आहे.

तुला नुसतं थांब म्हणताना माझी मलाच लाज वाटली. तू थांबणार नाहीस हे मला कळतं, तुला मीच वाढवलंय. तू त्याच्यासमोर उभी राहशील, "उसव" म्हणशील, त्याला उसवता येणार नाही, तुला वाटेल तो मुद्दाम नाही म्हणतोय. मग तू सुई काढशील. काल दिवसभर मला तेवढंच दिसत होतं.

त्या महिन्यात तो आठ दिवस तोंड पाडून हिंडत होता. मी विचारलं तर म्हणाला, "परत येईन तेव्हा सांगेन." आणि दादा रजई भरायला बसला. रजई कुणासाठी आहे हे आपल्या कारखान्यात बोलायचं नसतं. नाव उच्चारलं की झोप बुजते, असं आपण मानतो. म्हणून दादा बोलला नाही, मीही विचारलं नाही. मी धरून चालले की त्याच्यासाठीच. लांब जायचंय, अंगावर ऊब हवी.

शेवटचा हात नेहमी माझा. दोरे कापायचे, कापूस झटकायचा, घडी घालायची. घडी घालताना चौथा कोपरा माझ्या हातात आला. मला टाकून जाणारा माणूस निवांत निजणार आणि ताजातवाना उठून पुढच्या वाटेला लागणार, हे माझ्याने सोसवेना. मी तीन टाके घातले. एका जांभईइतका वेळ लागला.

दादाची झोप त्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. त्या घडीला आठवलं नाही. आठवलं तेव्हा रजई नदीपलीकडे गेली होती. महिन्याभराने त्याचं पत्र आलं, पाकिटावर त्याचंच अक्षर. म्हणजे तो जागा आहे! मग मी मनाची समजूत घातली की टाके धरलेच नाहीत, दादाची झोप दुसऱ्याच कशाने तरी उडाली. आत माफी मागितलेली असणार, ती मला नको होती. म्हणून पत्रं पेटीत टाकली. आणि तू त्याच्या नावाने बोटं मोडायला लागलीस तेव्हा मी तुला मोडू दिली. ते मला सोयीचं होतं. हे लिहिलंय ते खोडणार नाही.

काल तिन्ही पत्रं उघडली. रजई त्याच्या भाचीसाठी होती. बहीण तापात गेली, मागे आठ वर्षांची पोर, तिलाही तोच ताप, पंधरा दिवस डोळ्याला डोळा नाही. ताप उतरला, पण पोर उठलीच नाही. पहिल्या पत्रात तो विचारतो, 'कोपरा शिवलेला आहे, असाच ठेवायचा का?' दुसऱ्यात विचारतो, 'माझं काही चुकलं का?' तिसऱ्यात काहीच विचारत नाही. नुसतं लिहिलंय, 'अजून निजलेली आहे.'

ज्या माणसाला शोधायला तू डोंगर ओलांडलास, तो इथे घरात आहे. तुझी वेणी घालणारी मी.

हे पत्र तुझ्या सुईच्या आधी पोचू दे.

आत्या


१० डिसेंबर

आत्या,

विचारत विचारत मी पोचले. टेकडीच्या पायथ्याशी एक खोली आणि पुढे शिंपीकामाचं दुकान, एवढंच त्यांचं घर. मी दाराला धक्का मारला तेव्हा मुठी वळलेल्या होत्या. दार उघडलं एका पिकल्या केसांच्या माणसाने. हातात फणी. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "खारूताई! मी तुझी उंची चार बोटं कमीच धरली होती."

मी म्हटलं, "बाबांची झोप कुठे आहे?"

ते बाजूला झाले. "ये. आवाज केलास तरी चालेल, ती उठत नाही."

खाटेवर एक मुलगी आहे, दहाएक वर्षांची. ते तिचे केस विंचरत होते. दोन वर्षांत ती निजल्या निजल्याच वाढली. पावलं रजईबाहेर आली आहेत, म्हणून त्यांनी तिला मोजे शिवलेत, दर तीन महिन्यांनी नवे. त्या खोलीत सगळंच पेंगतं. कोळी जाळ्यात अर्धवट थांबलाय, खिडकीतलं ऊन जमिनीवर पडायला वेळ लावतं. मला बाबांची झोप लगेच ओळखू आली. नव्या कापसाचा वास, आणि घोरायला लागण्याआधी ते करायचे तसलं बारीक "हुं". मी तिथे उभी राहून रडले. दोन वर्षांनी बाबांना निजलेलं ऐकलं.

मग चौथा कोपरा बघितला. तीन टाके. डावीकडे कललेले. दुहेरी गाठ.

आपल्या अख्ख्या कारखान्यात डावखुरं एकच माणूस आहे, आत्या.

मी त्यांना विचारलं, "तुम्ही हा टाका ओळखला नाहीत?"

"पहिल्या दिवशीच ओळखला."

"मग जाब विचारायला का नाही आलात?"

"हिला टाकून कसा येऊ? आणि तुझ्या बाबांना पत्रात आत्याचं नाव कळवून तुमच्या घरात आग कशाला लावू? वाटलं, तिलाच विचारलं तर स्वतःच सांगेल."

माझी रजई पुरी झाली आहे. फक्त कोपरा राहिलाय.

खारूताई


२१ डिसेंबर

आत्या,

तुझं पत्र मिळालं. माझं तुला मिळालं असेल. दोन्ही घाटात एकमेकांच्या शेजारून गेली असतील.

दोन वर्षं मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून त्यांना शिव्या दिल्या आणि तू माझ्या केसांतून हात फिरवत "हं" म्हणत होतीस. तोच डावा हात.

तू खोडलं नाहीस, म्हणून मीही लपवत नाही. गेले काही दिवस मी माझी रजई मांडीवर घेऊन बसते. ती आता मला तुझ्या मापाची वाटते. तू तिच्याखाली निजलेली कशी दिसशील ते मी डोळ्यांसमोर आणून बघितलं. बरं वाटलं. मग बरं वाटलं याचीच भीती वाटली. कातरकाका समोर काज करत होते. मान वर न करता म्हणाले, "सुई तुझ्या हातात आहे, मी काही बोलणार नाही. पण आधी जेवून घे. उपाशीपोटी टाका तिरका पडतो."

मी बाबांकडे निघते आहे. तू इकडे ये. टाका तुझा, उसवायचा तू. वाट एकच आहे, तेव्हा समोरासमोर येऊच. बोलू नकोस. मी तोंड फिरवणार आहे.

खारूताई


१६ जानेवारी
टेकडीच्या पायथ्यावरून

खारूताई,

तू सांगितलंस तसंच मी केलं. दादाला शेजारणीच्या हवाली केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा नदी ओलांडली. होडीवालीने जांभई मागितली. मला कितीतरी दिवसांत आली नव्हती. ती म्हणाली, "उसासा चालेल." तो माझ्याकडे भरपूर होता.

मधोमध तुझी होडी आली. तू तोंड फिरवलंस. मी बोलले नाही, पण तुझ्या पाठीकडे बघत राहिले. वेणी वेडीवाकडी घातली होतीस. पिशवी मात्र मांडीवर अगदी हलकी दिसत होती. मग रजई कुठे ठेवलीस या विचाराने घाटभर माझा जीव टांगणीला लागला. घाटावरच्या बुवांनी मला रिकाम्या हातांनी बघितलं आणि तरीही थांबवलं. म्हणाले, "बाई, जरा बसा. तुमचं ओझं मला उचलता येण्यासारखं नाही."

इथे आले. दार त्यानेच उघडलं. केस पिकलेत, डोळे तसेच. दोघंही उंबऱ्यावर खांबासारखे उभे.

तो म्हणाला, "एक ओळ लिहायची होतीस."

मी म्हटलं, "एक शब्द बोलायचा होतास."

"आत ये," म्हणाला. एवढंच भांडलो.

तुझी रजई त्याच्या कापायच्या टेबलाजवळ खुंटीवर होती. चौथा कोपरा मी दोनदा चाचपला. उघडा होता, चार बोटं, अगदी मापात. तेव्हा कुठे मी पाणी मागितलं.

दुपार होती. मी खाटेशी बसले. पहिला टाका सहज निघाला. दुसऱ्याला सुई वाकली. तिसरा येईचना. मी ओढत होते, आणि डोळ्यांसमोर त्या दिवसाचा राग जसाच्या तसा उभा. मला वाटलं होतं, दोन वर्षांत तो विरला असेल. नव्हता. मग मी त्याच्यासमोरच मोठ्याने म्हटलं, "मी हे मुद्दाम केलं. तू उठू नयेस म्हणून केलं." आजवर कागदावर लिहिलं होतं, तोंडाने बोलले नव्हते. दोरा सुटला.

त्या कोपऱ्यातून काहीतरी ऊबदार माझ्या मनगटावरून गेलं, दाराबाहेर, टेकडीवर. गवत लवत गेलेलं दिसलं. जिथून गेलं तिथल्या शेळ्या-मेंढ्या, माणसं, सगळी क्षणभर बसली. कोळ्याने उरलेलं जाळं विणायला घेतलं.

पोरीने डोळे उघडले. बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, "मामा, तुझे केस कुणी पांढरे केले?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी."

ती उठून बसली आणि म्हणाली, "मग काळे करून दे." आम्ही दोघं हसायला गेलो आणि भलतंच झालं.

दादाचं काय, ते कळव. मी इथेच थांबले आहे. घरी यायचं माझं तोंड नाही. तू म्हणशील तसं.

आत्या


२५ जानेवारी
घरून

आत्या,

त्या दुपारी बाबा मला काहीतरी सांगत होते. "तुझी आई म्हणायची की..." एवढं बोलले आणि थांबले. मला वाटलं शब्द शोधताहेत. बघते तर हनुवटी छातीवर टेकलेली, चष्मा नाकावर, आणि मग तो "हुं". मी उठले नाही, कप उचलला नाही, माशी बसली तीही हाकलली नाही. शेजारीण "अगं ऐकलंस का" म्हणत आली, बाबांना बघितलं आणि तोंडावर हात ठेवून तशीच उलटी गेली. मग एकेक करून सगळी गल्ली दारात येऊन बघून गेली, चपला हातात घेऊन.

तीन दिवस निजले. उठल्यावर पहिलं म्हणाले, "भूक लागली." मग म्हणाले, "अस्तर कुणी उलटं लावलंय हे?" आणि स्वतःच लावलं होतं हे आठवून इतके हसले की ठसका लागला. काल एक रजई पुरी केली. टाके सरळ.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. त्या मुलीला सांग, मोजे आता मी पाठवीन.

झोप कशी परत आली, हे बाबा रोज विचारतात. चहा पिताना एकदा, दिवा लावताना एकदा. मी सांगितलेलं नाही. तुला वाचवायचं म्हणून नव्हे. ते तू सांगायचंस. ते ओरडतील, कदाचित बोलायचेच नाहीत, मला माहीत नाही. मी मध्ये पडणार नाही, तुझ्या बाजूने नाही आणि त्यांच्याही नाही.

माझी झोप उघड्या कोपऱ्यातून परत आली, राग मात्र गेलेला नाही. तू खोटं बोलली असतीस तर सोपं होतं, टाकून दिलं असतं तुला. आता काय करावं ते कळत नाही. सकाळी वेणी घालायला बसते आणि फणी आपटते. भिंतीशी भांडते. परवा तुझ्या रिकाम्या पाटाशी चांगली अर्धा तास भांडले, तर बाबा आतून म्हणाले, "कुणाशी गं?"

असं किती दिवस चालायचं? रागवायला माणूस समोर लागतं.

ये.

खारूताई